न दाखविलेली रिळे

मुंबईत पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात गुलशन महल नावाची जुनी वास्तू आहे. भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय तेथे उभे राहिले आणि १९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. या वास्तूतील नऊ दालनांपैकी एक दालन दुसऱ्या महायुद्धाने भारतीय चित्रपटावर केलेल्या परिणामाला दिलेले आहे. ही योजना योग्यच म्हटली पाहिजे. किंबहुना ज्या आवारात हे दालन आहे, ते आवारच त्या युद्धाचे दूरचे अपत्य आहे. सरकारने चित्रपट काढावेत, ते प्रत्येक चित्रपटगृहाला सक्तीने दाखवावयास लावावेत आणि त्याचे भाडेही चित्रपटगृहाकडूनच वसूल करावे, ही व्यवस्था युद्धकाळात जन्मली आणि स्वातंत्र्यानंतर थोड्याफार फरकाने फिल्म्स डिव्हिजनने ती पुढे चालविली. प्रश्न आहे तो त्या काळचे प्रचारपट आज संग्रहालयाने लोकांना दाखवावेत काय, आणि दाखवावयाचे तर कोणत्या रीतीने, हा.

या बाबतीत दोन मते ऐकू येतात. साम्राज्यशाहीने स्वतःच्या भलावणीसाठी काढलेली ही रिळे पुन्हा पडद्यावर आणण्याचे कारण काय, असे एक मत. दुसरे मत रसिकांचे. त्यांना त्या कृष्णधवल चित्रांतली जुनी मुंबई, जुन्या ट्राम, टोप्या आणि फेटे पाहून हुरहूर वाटते. निवेदकाच्या साहेबी उच्चारांची थोडी गंमत वाटते आणि तेवढ्यावर ते समाधान मानतात. पहिल्या मताने पुरावा गाडला जातो, दुसऱ्याने त्याची शोभेची वस्तू होते. ही रिळे दाखविलीच पाहिजेत, परंतु त्यांच्या शेजारी त्याच महिन्यांतली न दाखविलेली रिळेही मांडली पाहिजेत. संग्रहालयाचे खरे काम ते आहे.

प्रथम ही यंत्रणा कशी उभी राहिली ते पाहू. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले आणि काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. म्हणजे ज्या जनतेला युद्ध 'आपले' वाटावयास हवे होते, तिची संमतीच घेतलेली नव्हती. संमती नसेल तेथे प्रचार लागतो. १९४० मध्ये फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले. त्याचे अध्यक्षपद जे. बी. एच. वाडिया यांनी स्वीकारले. वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे होते आणि फॅसिझमविरोधी युद्धाला पाठिंबा देणे हे त्यांना प्रामाणिकपणे कर्तव्य वाटत होते, हे नमूद केले पाहिजे. लंडनहून अलेक्झांडर शॉ या माहितीपटकाराला बोलाविण्यात आले. त्याच्या मागून व्ही. शांताराम यांनी काही काळ निर्मितीची धुरा वाहिली. १९४३ मध्ये या बोर्डाच्या जागी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया आणि इंडियन न्यूज परेड या संस्था आल्या. निर्मितीचे प्रमुख एझ्रा मीर होते.

त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत ४४-अ हे कलम घालण्यात आले. प्रत्येक खेळात सरकारमान्य चित्रपटांची किमान २,००० फूट फिल्म दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारक झाले. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचा हिशेब केला तर हा मजकूर सुमारे बावीस मिनिटांचा होतो. त्याबद्दल भाडे द्यावयाचे ते चित्रपटगृहाने, आणि चित्रपटगृहाच्या गल्ल्यात पैसा येतो तो तिकीट काढणाऱ्याच्या खिशातून. गिरणीतला साचेवाला सहा-आठ आण्यांचे तिकीट काढून नटनटींची गाणी ऐकावयास जात होता. त्याआधी त्याच्याच पैशाने त्याला युद्धाचा उपदेश पाजला जात होता. करपद्धतीच्या भाषेत हा एक अप्रत्यक्ष कर होता. त्याच सुमारास कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले, खाजगी चित्रपटांच्या लांबीला मर्यादा पडली, परवान्याशिवाय फूटभर फिल्म मिळेनाशी झाली. ज्या वस्तूची टंचाई आहे, तीच वस्तू सरकारी प्रचाराला मात्र हवी तेवढी. युद्धकालीन अर्थव्यवस्थेचा सारा स्वभाव या एका उदाहरणात सापडतो.

तो स्वभाव पडद्यावर कधीच आला नाही. 'टूल्स फॉर द जॉब', 'हिलमेन गो टू वॉर' अशा नावांचे जे अनेक लघुपट निघाले, त्यांत कामगार, कारखाने, भरती झालेले जवान, कारागीर आणि शेतकरी होते. नव्हता तो पैशाचा हिशेब. युद्धासाठी ब्रिटन येथून कापड, तंबू, धान्य, दारूगोळा, सारे काही उचलत होते. त्याची किंमत येथे रुपयांत चुकती व्हावयाची आणि तिच्या बदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगची देणी रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा व्हावयाची. त्या देण्यांच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. १९३९ मध्ये २०० कोटी रुपयांच्या आत असलेले नोटांचे चलन १९४५ पर्यंत ११०० कोटींच्या वर गेले. माल देशाबाहेर गेला, नोटा देशात राहिल्या. भाव दुपटीहून अधिक चढले. युद्ध संपले तेव्हा ब्रिटनकडे आपले सुमारे १३० कोटी पौंडांचे येणे जमले होते, म्हणजे उपाशी देशाने श्रीमंत देशाला दिलेले हे कर्ज होते. सक्तीच्या बचतीचा हा प्रकार युद्धरोख्यांच्या जाहिरातीपेक्षा किती तरी प्रभावी होता. कारण रोखा घ्यावयाचा की नाही हे माणसाच्या हाती असते, महागाई त्याला विचारून येत नाही.

यातून सर्वांत आधी मेला तो बंगालचा शेतमजूर, कोळी, नावाडी, खेड्यातला कारागीर. १९४३च्या दुष्काळात सरकारी चौकशी मंडळाच्या हिशेबाने १५ लाख माणसे मेली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांच्या आसपास जातात. ब्रह्मदेशचा तांदूळ जपानी आक्रमणामुळे बंद झाला होता हे खरे. पण अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, धान्याच्या एकूण साठ्यापेक्षा धान्य विकत घेण्याची ताकद कोणाकडे उरली, हा निर्णायक मुद्दा होता. कलकत्त्यातील युद्धोपयोगी उद्योगांचे मजूर 'अग्रक्रमाचे' ठरले आणि खेडी वाऱ्यावर सोडली गेली. मुंबईला त्याच १९४३ साली देशातील पहिले शहरी रेशनिंग मिळाले. मुंबईकरावर विशेष माया म्हणून ते मिळाले नाही. गोद्या, गिरण्या आणि रेल्वे थांबून चालणार नव्हते.

सरकारने दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ जाहीरच केला नाही. जी गोष्ट जाहीर झालेली नाही तिचे चित्रीकरण कोण करणार? ऑगस्ट १९४३ मध्ये 'स्टेट्समन' पत्राने कलकत्त्याच्या रस्त्यावरील मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली तेव्हा कोठे बाहेरच्या जगाला याचा सुगावा लागला. चित्तप्रसाद या चित्रकाराने मेदिनीपूरच्या खेड्यांतून फिरून काढलेल्या रेखाटनांची पुस्तिका सरकारने जप्त करून जाळली. आणि याच काळात इन्फर्मेशन फिल्म्सने 'ट्री ऑफ वेल्थ' हा नारळाच्या झाडाविषयीचा लघुपट काढला. चित्रपट म्हणून तो नेटका आहे, नारळाचे उपयोगही त्यात आहेत. आणि ब्रह्मी तांदूळ बंद पडल्याने त्याच नारळाच्या प्रदेशात, त्रावणकोर-मलबारात, लोक अन्नान्न करीत होते. त्यात दाखविलेले एकही दृश्य खोटे नसेल. प्रचारपट पाहणाऱ्याने हीच गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. कॅमेऱ्यासमोर खोटे उभे करणे अवघड असते आणि खर्चाचेही असते. कॅमेरा दुसरीकडे वळविणे मात्र सोपे असते, आणि त्याला एक पैही लागत नाही.

याचे याहून जवळचे उदाहरण मुंबईचेच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा एकाच जहाजात भरला होता. सोन्याच्या विटाही होत्या. शेकडो माणसे मेली, अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले, सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. स्फोटाचा आवाज ऐंशी किलोमीटरवर ऐकू गेल्याचे नोंदले आहे; म्हणजे ठाणे, दिवा, कल्याण ही सारी गावे त्या टप्प्यात आली. जे या साऱ्यांनी कानांनी ऐकले ते वर्तमानपत्रात मात्र आले नाही. जगाला पहिली तपशीलवार बातमी दुसऱ्या दिवशी जपानी अंमलाखालील सायगाव रेडिओने दिली. येथील युद्धकालीन सेन्सॉरने बातमीदारांना मुभा दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. सुधीश घटक या छायाचित्रकाराने स्फोटाचे व नंतरच्या हाहाकाराचे चित्रीकरण केले होते. लष्करी अधिकाऱ्यांनी ते रीळ जप्त केले, आणि पुढे त्यातले काही तुकडेच वार्तापटात दाखविण्यात आले.

शत्रूचा प्रचार खरी बातमी देतो आणि आपले सरकार गप्प बसते, यापेक्षा प्रचारयंत्रणेचा मोठा पराभव कोणता? त्या दिवसानंतर इंडियन न्यूज परेडमध्ये जे जे दाखविले गेले असेल, त्यावर गोदीतल्या माथाडीने विश्वास का ठेवावा?

मात्र येथे थांबले तर विवेचन एकांगी होईल. हिटलर आणि मुसोलिनी हे कल्पित शत्रू नव्हते. फॅसिझमचा पराभव होणे ही मानवजातीची गरज होती, आणि आज त्याची आठवण पुसट होत असताना हे निक्षून सांगावयास हवे. येथील समाजवाद्यांनी युद्धाला विरोध केला तो गुलाम देशाने स्वातंत्र्याच्या युद्धात मालकाच्या हुकुमाने लढावे, या विसंगतीला. फॅसिझमविषयी ममत्व हे त्याचे कारण नव्हते. चळवळीतल्या काहींना शत्रूचा शत्रू जवळचा वाटला, हेही खरे आणि ते झाकण्याचे कारण नाही. याउलट साम्यवाद्यांनी ते युद्ध लोकयुद्ध मानले, आणि दुष्काळाची सर्वांत भेदक छायाचित्रे त्यांच्याच पत्रातून, सुनील जाना यांच्या कॅमेऱ्यातून आली. इतिहासाची ही गुंतागुंत कार्यकर्त्यांनी सोयीसाठी सरळ करू नये.

ब्रिटिशांकडेही सारे सारखे नव्हते. हम्फ्री जेनिंग्जने लंडनवरील बॉम्बवर्षावाच्या काळात जे लघुपट काढले त्यांत सामान्य माणसाविषयी जिव्हाळा आहे आणि शत्रूविषयी आरडाओरडा जवळजवळ नाही. याच ब्रिटनने हिंदुस्थानात दाखविलेले लघुपट मात्र वडीलकीच्या सुरात बोलतात, हा फरक पाहण्याजोगा आहे. स्वतःच्या नागरिकाशी बोलताना सरकार एक भाषा वापरते आणि प्रजेशी बोलताना दुसरी. अमेरिकेत फ्रँक काप्राने 'व्हाय वुई फाइट' या मालिकेचे सात चित्रपट काढले तेव्हा लेनी रिफेनश्टालने नाझींच्या गौरवासाठी घेतलेलीच दृश्ये वापरली. संचलन तेच, ध्वज तेच. निवेदन बदलले आणि अर्थ पालटला. आणि जपानमध्ये कामेई फुमिओने १९३९ मध्ये सैन्याच्या सहकार्याने युद्धपट काढला, त्यात थकलेले, मातीने माखलेले सैनिक दिसले म्हणून तो दडपला गेला. पुढे त्याला तुरुंगवास घडला. युद्धानंतर १९४६ मध्ये त्याने सम्राटाच्या जबाबदारीचा प्रश्न विचारणारा चित्रपट काढला. त्यावर बंदी घातली ती अमेरिकन ताबेदारांनी. दोन परस्परविरोधी सत्तांना एकाच माणसाची भीती वाटली, ही त्याच्या प्रामाणिकपणाची पावती समजावयास हरकत नाही.

हे सारे दिव्याच्या वाचकासमोर मांडण्याचे कारण आता सांगावयास हवे. दिवा जंक्शनवरून मुंबईकडे निघणाऱ्या माणसाला पेडर रोडचे संग्रहालय काही फार लांब नाही. परंतु त्याचा दिवस लोकलच्या दारात सुरू होतो आणि दारातच संपतो. संग्रहालयाला भेट देणे ही गोष्ट त्याच्या आठवड्यात बसत नाही. तरीही महायुद्धाचे जे अवशेष कोठे चित्रित झाले नाहीत, ते दिव्याच्या चहूबाजूंना पसरलेले आहेत. दिव्याहून दोन-चार स्थानके पुढे कल्याण. युद्धकाळात तेथे सैन्याच्या मुक्कामासाठी मोठ्या छावण्या उभारल्या गेल्या. फाळणीनंतर त्या ओस बराकींत सिंधी निर्वासितांना आणून ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. आजही तेथला माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असे म्हणतो. घरे बदलली, बाजार उभे राहिले, महानगरपालिका झाली. पण पत्त्यातली छावणी हलली नाही. एका युद्धाने बांधलेल्या भिंतींनी दुसऱ्या आपत्तीच्या माणसांना आसरा दिला, याचा चित्रपट कोणी काढला नाही.

कल्याणहून मलंगगडाच्या बाजूला गेले की नेवाळी लागते. युद्धकाळात तेथे धावपट्टी झाली आणि त्यासाठी आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळणार होती, असे शेतकऱ्यांच्या पिढ्या सांगत आल्या आहेत. जमीन संरक्षण खात्याची आहे, असे सरकार म्हणते. २२ जून २०१७ रोजी नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून तेथे आंदोलन पेटले, गाड्या जाळल्या गेल्या, शेतकरी आणि पोलीस दोन्ही जखमी झाले. महायुद्ध संपून ७२ वर्षे झाली होती. भारत संरक्षण नियमांनी चित्रपटगृहाची बावीस मिनिटे घेतली, ती वेळ केव्हाच सरली. युद्धासाठी घेतलेली ही शेते मात्र त्यांच्या कसणाऱ्यांना अजून लाभलेली नाहीत.

आणि दिव्याहून सुटणारी कोकणची गाडी माणगावला थांबते. त्या तालुक्यातला यशवंत घाडगे हा मराठा पायदळाचा नाईक १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वय बावीस. २०२३ मध्ये इटलीतील माँटोने या गावी त्याच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले. त्या वेळच्या हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती आणि जगातील सर्वांत मोठे स्वेच्छासैन्य म्हणून त्याचा गौरव होतो. स्वेच्छा हा शब्द येथे जरा जपून वापरावा. कोकणातल्या वरकस जमिनीवर नाचणीवरीचे पीक काढणाऱ्या घरात दुसरा मुलगा जन्मला की तो मुंबईच्या गिरणीत जाईल किंवा पलटणीत, एवढीच निवड असे. घाडगेचे शौर्य त्यामुळे कमी होत नाही. उलट ज्या राज्याला त्याच्या मताची पर्वा नव्हती, त्याच्या झेंड्याखाली जाऊन तो फॅसिस्ट फौजांशी लढला, हे सांगितल्याने त्याचे खरे मोल कळते. प्रचारपटात फक्त त्याचे पदक दिसले असते.

१९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने इन्फर्मेशन फिल्म्सच्या अनुदानाची मागणी लाक्षणिक एक रुपयावर आणली आणि ती संस्था बंद पडली. लोकप्रतिनिधींचा तो राग रास्त होता. परिणाम मात्र असा झाला की १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्याचा सोहळा टिपावयास सरकारजवळ स्वतःची चित्रसंस्थाच नव्हती. खाजगी छायाचित्रकारांनी जे टिपले त्यावर देशाला समाधान मानावे लागले. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली, तीत युद्धकाळातली बरीच माणसे आणि सगळी सवय परत आली. सक्तीही परत आली. मुंबईपासून कल्याणपर्यंतच्या चित्रपटगृहांत वार्तापट सुरू असताना बाहेर वडे खाण्याची जी प्रथा पडली, तिला जनतेने सक्तीवर काढलेला तोडगा म्हणता येईल! याच संस्थेने १९६७-६८च्या सुमारास एस. एन. एस. शास्त्री, सुखदेव यांच्या हातून धीट, स्वतःवर हसणारे लघुपटही दिले, हे विसरू नये. पण आणीबाणी आली तेव्हा त्याच सुखदेव यांनी तिची भलावण करणारा 'थंडर ऑफ फ्रीडम' काढला. तेव्हाच आनंद पटवर्धन या तरुणाने बिहार आंदोलनावर केलेल्या चित्रपटाची फिल्म तुकडे तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली होती. म्हणजे प्रचारपट ही केवळ परक्या सत्तेची सवय नव्हे.

चळवळीनेही प्रचार केला. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ या काळात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. राममनोहर लोहियांचा त्यात सहभाग होता. तोही प्रचारच होता. फरक इतका की तो ऐकणे कोणावर बंधनकारक नव्हते, उलट ऐकणाऱ्याला तुरुंगाची भीती होती. संग्रहालयाने तो पुरावाही याच दालनात ठेवावा आणि त्यातली अतिशयोक्ती झाकू नये.

आता रीतीविषयी. या लघुपटांच्या प्रती आज विखुरलेल्या आहेत. त्यांतल्या अनेक लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहेत. ते संग्रहालय १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या ऐन मध्यावर स्थापन झाले. येथील भागाची व्यवस्थाही बदलली: २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. त्याआधी शेकडो चित्रकर्मींनी जाहीर पत्राने विचारले होते की जनतेच्या पैशातून जमलेला हा ठेवा एका व्यापारी तत्त्वावर चालणाऱ्या महामंडळाकडे गेल्यावर त्यावर जनतेचा हक्क कसा राहणार. त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. लंडनमधील प्रतींच्या नकला मागविणे आणि येथल्या प्रती शाळा, वाचनालये, कामगार संघटना यांना नाममात्र खर्चात देणे, ही मागणी खासदारांनी संसदेत लावून धरावयास हवी. ज्या चित्रपटांचे भाडे आजोबांनी एकदा भरले आहे, त्यांचे भाडे नातवाकडून पुन्हा घेण्याचे कारण नाही.

दाखविताना प्रत्येक लघुपट दोनदा दाखवावा: एकदा निवेदनासह, एकदा आवाज बंद करून. निवेदन थांबले की प्रेक्षक पडद्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे पाहू लागतो. कोणाच्या पायात वहाण नाही, साहेब आल्यावर कोण मान खाली घालतो, कापड विणणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर काय आहे, हे त्याला दिसू लागते. लघुपट लहान आहेत, दुसरी फेरी फार तर वीस मिनिटांची. खेळाआधी मराठीत एक पानभर टिपण वाटावे. त्यात लघुपट कोणत्या महिन्यात निघाला, त्या महिन्यात तांदळाचा भाव काय होता आणि सेन्सॉरने काय रोखले होते, एवढे असावे. वार्तापट पाहिल्यावर गोदीच्या स्फोटाचे जे तुकडे शिल्लक असतील ते दाखवावेत, चित्तप्रसादची रेखाटने भिंतीवर लावावीत. यात विद्वत्तेचा भार काही नाही.

हा खेळ गुलशन महलमध्ये व्हावाच, पण उल्हासनगरच्या कॅम्पात, नेवाळीच्या शाळेत, माणगावात आणि दिव्यातही व्हावा. ते युद्ध कळत्या वयात पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात किंवा पलीकडे आहेत. त्यांचे बोलणे या चित्रांसमोर बसवून टिपून घ्यावयाचे असेल तर हाती फार वर्षे नाहीत.

दिव्यात हा खेळ झाला तर तेथल्या प्रेक्षकाला न दाखविलेले रीळ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ भरलेल्या लोकलगाड्यांच्या दारांतून माणसे खाली पडली आणि काही प्राण गमावून बसली. रेल्वेच्या प्रगतीच्या ज्या चकचकीत चित्रफिती रोज हातातल्या पडद्यावर येतात, त्यांत दिव्याचा सकाळचा फलाट कोणी पाहिला आहे काय? आता ४४-अ कलमाची गरज उरलेली नाही. दारात लोंबकळणारा प्रवासीच एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने प्रचार धरून उभा असतो.

स्थानिक शाखांनी या कामी संग्रहालयाची वाट पाहत बसू नये. महानगरपालिकेच्या शाळेचे एक सभागृह, एक प्रक्षेपक आणि पांढरी चादर एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. यांतील काही लघुपट आता सहज मिळू लागले आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडे त्या वर्षांची वर्तमानपत्रे चाळून टिपणे करण्याचे काम सोपवावे. वेळ मात्र विचारपूर्वक ठरवावी. कामाच्या दिवशी दिव्याचा माणूस रात्री नऊच्या आत घरी पोचत नाही, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. तेव्हा बाहेरगावचे वक्ते बोलाविण्याच्या भरीस न पडता गावातल्याच माणसांवर खेळ उभा करावा.